वाचकांचे प्रश्न : तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

वजनाविषयी प्रश्न मागवले आणि पत्रांचा गठ्ठाच जमा झाला. त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वाक्याभोवती फिरतात : 'घरचंच खातो, तरी वजन हलत नाही.' म्हणून या वेळी पदार्थांपेक्षा मापांबद्दल जास्त लिहिलं आहे. आहाराची आणि व्यायामाची उत्तरं आम्ही दोघांनी मिळून दिली आहेत. वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची आणि चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, चहाचा. कॅलरींचे आकडे घरगुती मापांवरून काढलेले, ढोबळ आहेत. रोजच्या निर्णयाला तेवढे पुरतात.

प्रश्न : माझं वय ४७, उंची ५ फूट २ इंच, वजन ७२ किलो. सहा महिने झाले, रोज सकाळी तळजाईवर पाऊण तास चालते. बाहेरचं खाणं महिन्यातून एखाद वेळी. वजन उतरलं ते जेमतेम एक किलो. थायरॉईडची तपासणी नॉर्मल आहे. चुकतंय कुठे? — एक वाचक, सहकारनगर

चालण्यात काही चुकत नाही, ते अजिबात सोडू नका. फक्त त्यातून किती खर्च होतं ते एकदा बघा. भरभर चाललात तर पाऊण तासात साडेतीन-चार किलोमीटर होतात. तुमच्या वजनाला एका किलोमीटरला साधारण ५० कॅलरी लागतात. टेकडीचा चढ धरून सगळे मिळून २०० म्हणू. पत्रात तुम्ही चहाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण फिरून आल्यावर फुल क्रीम दुधाचा, दोन चमचे साखरेचा कपभर चहा होत असेल तर १०० कॅलरी तिथेच आल्या. त्यात बुडवून दोन खारी खाल्ल्या की आणखी दीडशे. टेकडीवर कमावलेलं आठ वाजायच्या आत पुन्हा पोटात गेलं.

त्याहून मोठी गळती ओट्यावर असते. पुढच्या वेळी तेलाचा डबा फोडाल तेव्हा त्यावर मार्करने तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशीची तारीख शेजारी लिहा. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरहून जास्त तेल जातंय. म्हणजे एकेकाच्या पोटात रोज जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि तूप-लोणी त्यावर वेगळं. हेच प्रमाण महिन्याला माणशी अर्ध्या लिटरवर आणलं तर रोजच्या दीडशेसुद्धा होत नाहीत. वाचलेल्या २०० कॅलरी म्हणजे टेकडीची आणखी एक फेरी, आणि तीही घरातल्या सगळ्यांची.

आता हे तेल जातं कुठे? तुमची फोडणीची पळी घ्या आणि तिच्यात चमच्याने पाणी मोजून घाला. बऱ्याच घरांतल्या पळीत पाच-सहा चमचे मावतात आणि अंदाजाने ओतताना ती भरूनच ओतली जाते. चौघांच्या अर्धा किलो भाजीला तीन चमचे तेल पुरतं. कढई जरा तिरकी धरा, म्हणजे तेल एका कडेला गोळा होतं. त्या डबक्यात मोहरी तडतडू द्या, मग गॅस बारीक करून हिंग-हळद घाला. तेल कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात फोडणी करपते, कारण आच पूर्वीचीच राहते आणि थोडं तेल फार लवकर तापतं. कांदा परतताना चिमूटभर मीठ टाकलं की त्याला पाणी सुटतं, मग वरून तेल घालावं लागत नाही. फ्लॉवर, कोबी, दुधी, गवार यांना झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा आणि तेच गरम पाणी लागेल तसं भाजीत सोडा. वांगं स्पंजसारखं असतं, घालाल तेवढं तेल पितं. फोडी मिठाच्या पाण्यातून काढून आधी वाफवून घ्या. भेंडीला मात्र झाकण नको, ती चिकट होते. ती धुऊन, पुसून, कोरडी करून चिरायची आणि उघड्या लोखंडी कढईत आमसूल घालून परतायची.

दाण्याचं कूट भाजीत मुठीने पडतं. १५ ग्रॅम कुटात ८५ कॅलरी असतात, तेव्हा तेही चमच्याने घाला. घडीच्या पोळीत घडीला तेल लागतं, वरून पुन्हा लागतं. अशा दोन पोळ्या सव्वातीनशेच्या घरात जातात, तर २५ ग्रॅम कणकेचे तीन फुलके अडीचशेतच बसतात. घरात घडीचीच पोळी लागत असेल तर सकाळच्या डब्याला ती आणि रात्री गरम फुलके, अशी वाटणी जमते.

चहाची साखर एकदम बंद करू नका, चौथ्या दिवशी पुन्हा दोन चमचे होते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. दिवसाला तीन कप होत असतील तर दुधाची पिशवी बदलण्यानेही महिन्याभरात थोडा फरक पडतो.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू किंवा जिऱ्याचं पाणी घेतल्याने पोटावरची चरबी वितळते का? पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घ्यावा का? — एक वाचक, भोसरी

नाही. कुठल्याच पाण्याने चरबी वितळत नाही आणि चमचाभर मधात २० कॅलरी असतात. या पाण्यामुळे सकाळचा गोड चहा सुटत असेल तर ते जरूर घ्या, फायदा तिथे आहे. पट्ट्याने घाम जातो, म्हणजे पाणी जातं आणि तांब्याभर पाणी प्यायल्यावर ते परत येतं. पट्ट्याचे पैसे वाचवून स्वयंपाकघरात ठेवायचा ग्रॅमचा वजनकाटा घ्या. पंधरा दिवस कणीक, तांदूळ, शेंगदाणे मोजलेत की पुढे नजरेला सवय होते.

प्रश्न : वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ९१. हिंजवडीत नोकरी. सकाळी काही खात नाही, दुपारी कॅन्टीन, संध्याकाळी चहासोबत मिळेल ते, रात्री दहाला घरी जेवण. तीन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, तोवर १२ किलो कमी करायचे आहेत. जिमला वेळ नाही. — एक वाचक, वाकड

तीन महिन्यांत १२ किलो म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक किलो. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात, म्हणजे रोज हजाराहून जास्त कॅलरींची तूट काढावी लागेल. ती निघते उपाशी राहून, आणि उपाशी राहिलेल्या शरीराचे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. लग्नात चेहरा ओढलेला दिसेल आणि दिवाळीपर्यंत वजन परत आलेलं असेल. पाच-सहा किलोंचं लक्ष्य ठेवा. ९१ मधले साडेचार किलो म्हणजे तुमच्या वजनाचे पाच टक्के. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते.

तुमचा दिवस उलटा भरलाय. सकाळ कोरडी, म्हणून संध्याकाळी हात दिसेल त्या बशीकडे जातो. रात्री दहाला भूक अशी असते की चौथी पोळी कधी झाली ते कळत नाही. सुरुवात सकाळपासून करा. घरून निघताना दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, किंवा मुगाची दोन धिरडी. दहा मिनिटांचं काम आहे, पीठ रात्री भिजवून ठेवता येतं. संध्याकाळचा डबा वेगळा न्या. साडेसहाला ऑफिसातच दोन पोळ्या आणि भाजी किंवा उसळ खाऊन घ्या. मग घरी आल्यावर वाटीभर घट्ट आमटी, कोशिंबीर आणि वाटल्यास चार घास भात पुरतो. रात्री उशिरा खाल्लं की सगळ्याची चरबी होते असं नाही, दिवसाची एकूण बेरीज मोजली जाते. पण दहाला भरपेट जेवून अकराला आडवं झालं की पित्त उसळतं, झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते. ते चक्र इथे तुटतं.

कॅन्टीनमध्ये पंजाबी ग्रेव्ही आणि डाळ दोन्ही असतील तर डाळ घ्या. ताट उचलायच्या आधी काकडी-टोमॅटो वाढून घ्या, मग दुसऱ्या वाढणीला जागा कमी राहते. शनिवारकडेही लक्ष हवं. बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत पावणेतीनशे कॅलरी असतात. सोबत तळलेला चखणा आणि वर बिर्याणी आली की पाच दिवस रोज ३०० वाचवलेल्या त्या एका रात्रीत संपतात. बाटली एकच, चखण्याला उकडलेले शेंगदाणे-काकडी आणि बिर्याणी अर्धी, एवढं ठरवलंत तरी आठवडा वाया जात नाही.

व्यायामाला जिम लागत नाही. पुण्याच्या तालमींनी पिढ्यान् पिढ्या जोर-बैठकांवर शरीरं घडवली आहेत. आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं काढा. बैठका १२, जोर ८ ते १०, सॅक ओढणं १२ आणि प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं) २० सेकंद, असे तीन फेरे. जोर जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीवर, मग ओट्याच्या कडेवर हात टेकून काढा. सॅक ओढायची ती अशी : लॅपटॉपच्या सॅकमध्ये लिटरच्या सहा बाटल्या भरल्या की सहा किलो होतात. एक हात खुर्चीवर टेकून, पाठ सपाट ठेवून सॅक कमरेकडे ओढायची, कोपर अंगाला घासत गेलं पाहिजे. बारा वेळा सहज जमायला लागलं की एक बाटली वाढवा. बैठकीत टाचा उचलल्या जात असतील तर तेवढं खाली जाऊ नका. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्याला तिसऱ्या दिवशी गाडीवर टांग टाकता येत नाही, आणि व्यायाम सुटतो तो तिथेच.

प्रश्न : वजनासाठी पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, भात पूर्ण सोडला. दोन महिन्यांत फरक नाही. — एक वाचक, हडपसर

१०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि १०० ग्रॅम कणकेत कॅलरी जवळजवळ सारख्याच, साडेतीनशेच्या अलीकडे. एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी हे अडीच फुलके झाले. आधी तीन फुलके खात होतात आणि आता दोन भाकऱ्या खात असाल तर खाणं वाढलंय. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, हा तिचा खरा गुण. तो टिकवायचा तर वर लोण्याचा गोळा नको आणि पिठल्याला पळीभर तेल नको.

भाताला उगीच गुन्हेगार ठरवलंत. वाटीभर शिजलेल्या भातात १४० च्या आसपास कॅलरी, म्हणजे दीड फुलका. अडचण अशी की वरणभात न चावता उतरतो, मग आमटीभात होतो आणि शेवटी ताकभात. वाटीने मोजून एकदाच वाढून घ्या. एक भाकरी किंवा एक फुलका-एक वाटी भात, बाकी अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. एवढं जेवून उठलात तर चार वाजता डब्यातल्या चिवड्याची आठवण होत नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांची, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. पाळी अनियमित आहे, पीसीओएस (संप्रेरकांचं संतुलन बिघडून होणारा अंडाशयाचा विकार) निघालं आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. उंची १५५, वजन ६८. मेसचं दोन वेळचं जेवण, खोलीत स्वयंपाक चालत नाही आणि पैसे मोजकेच. काय करू? — एक वाचक

तुमच्यासारख्या मुलींची बरीच पत्रं आली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. पीसीओएसमध्ये वजनाचे पाच ते दहा टक्के उतरले तरी पाळी बऱ्याच जणींची नियमित व्हायला लागते. तुमच्या बाबतीत ते साडेतीन ते सात किलो होतात. घाई नको, सहा महिने धरा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वजन उतरायला लागलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

मेसच्या जेवणात दोन अडचणी असतात : तेल जास्त आणि प्रथिनं कमी. तेलावर उपाय सोपा आहे. भाजीची वाटी मिनिटभर तिरकी टेकवून ठेवा, तवंग एका बाजूला गोळा होतो. वरच्या बाजूची भाजी पोळीने उचलून खा आणि तो लालभडक रस वाटीतच राहू द्या. रस्सा भातावर ओतून घ्यायची सवय असेल तर ती मोडा. पोळ्या मोजून घ्या, सकाळी तीन आणि रात्री दोन. भाताऐवजी वरणाची दुसरी वाटी मागितली तर बहुतेक मेसवाल्या मावशी देतात.

प्रथिनांचा हिशोब असा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६ ग्रॅम. पाच पोळ्यांमधून १६ ग्रॅम मिळतात, पातळ वरणाच्या दोन वाट्यांतून ८, उसळ असेल तर ६. तीस झाले. उरलेले २६ खोलीत गॅस न पेटवता मिळवायचे आहेत : पाव लिटर दूध ८ ग्रॅम, गाडीवर मिळणारी दोन उकडलेली अंडी १२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे ६. हिशोब पुरा झाला. अंडी खात नसाल तर दुधाचा दुसरा ग्लास घ्या आणि सोबत मोड आलेल्या मुगाची वाटी, कांदा-लिंबू पिळून. भिजवलेले मूग ओल्या रुमालात बांधून खिडकीत ठेवले की दुसऱ्या दिवशी मोड येतात. रोज धुवा, नाहीतर वास येतो. शेंगदाणे चांगलेच, पण पुस्तक वाचता वाचता पिशवीतून खाऊ नका. ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात आणि हाताला थांबायचं कळत नाही.

सकाळी टपरीवरच्या पोह्यांवर शेव आणि सोबत वडा, हे रोज नको. नुसते पोहे आणि एक अंडं खाऊन अभ्यासिकेत गेलात तर दुपारपर्यंत निभतं. रात्री एक वाजेपर्यंत जागायचं म्हणून होणारे तीन-चार कटिंग मोजा, सगळे साखरेचेच असतात. दोन कमी केलेत तर झोपही बरी लागेल.

दहा-बारा तास बसणं हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पन्नास मिनिटांनी उठा, जिना दोनदा चढून-उतरून या. संध्याकाळी झेड पुलावरून संभाजी बागेपर्यंत जाऊन या, घरचा फोन त्याच वेळी करा. आठवड्यातून दोन दिवस वरच्या उत्तरातल्या बैठका, जोर आणि पुस्तकांनी भरलेली सॅक ओढणं. पीसीओएसमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही, आणि रक्तातली साखर वापरणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे स्नायू. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही.

प्रश्न : वय ६४, वजन ८३. वजनासाठी रोज पर्वती चढतो. चढताना काही नाही, उतरताना गुडघे दुखतात. थांबवावं का? — एक वाचक, लक्ष्मीनगर

सहा आठवडे थांबवा. चढताना दम लागतो, पण उतरताना प्रत्येक पायरीला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर पडतं आणि मांडीच्या स्नायूंना ते ताणलेल्या अवस्थेत तोलून धरावं लागतं. ते स्नायू कमजोर असतील तर झीज सांध्याची होते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या उतरताना तेच १०३ वेळा घडतं. तोवर सारसबागेत सपाटीवर ३० मिनिटं चाला. सपाटीवर चालतानाही अंगावरच्या एका किलोचा गुडघ्यावर सुमारे चौपट भार पडतो. म्हणजे तीन किलो उतरले तर पावलागणिक बारा किलोंची सुटका, एवढं मोल त्या तीन किलोंचं आहे.

या सहा आठवड्यांत मांड्या तयार करा. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं कमरेएवढ्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर दुमडा. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका, श्वास सोडत उभे राहा. बसताना मनात तीन आकडे मोजा. शेवटचे दोन-तीन इंच माणूस धपकन बसतो, नेमकी तिथेच मांडीला ताकद लागते. तेवढं अंतर सांभाळलंत तर व्यायाम झाला. गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर पावलांतलं अंतर थोडं वाढवा आणि गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. आठ वेळा, दोन फेरे, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती पातळ करा. सोबत ओट्याला धरून टाचा वर करणं, १५ वेळा. पुन्हा पर्वती सुरू कराल तेव्हा उतरताना कठडा धरा आणि पहिल्या आठवड्यात एक दिवसाआडच जा.

या वयात रात्रीचं जेवण दूध-पोळी किंवा मऊ खिचडीवर आलेलं असतं. वजन उतरवायचं आणि स्नायू राखायचे तर किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं हवीत. खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ घाला, सोबत वाटीभर दही घ्या. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळे उपास करते. श्रावणात तर जास्तच. वजन उलट वाढतं. मधुमेहाची गोळी चालू आहे. — एक वाचक, कसबा पेठ

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे जुन्या लोकांनी साबुदाण्याची खिचडी बघूनच म्हटलं असावं. बशीभर खिचडीला ६० ग्रॅम साबुदाणा (२१० कॅलरी), २५ ग्रॅम कूट (१४०), तीन चमचे तूप (१२०) आणि एक छोटा बटाटा (४०) लागतो. पाचशेच्या वर. साबुदाणा म्हणजे कंदातला नुसता पिठूळ स्टार्च, त्यात प्रथिनं आणि चोथा नावाला. साखर झपकन चढते, दोन तासांनी पुन्हा भूक लागते, मग वेफर्स आणि खजूर.

उपास सोडू नका, ताट बदला. ४० ग्रॅम वरईचा भात आणि पातळसर दाण्याची आमटी, त्यात दोन चमचेच कूट. काकडीची दह्यातली कोशिंबीर. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ तव्यावर चमचाभर तुपात, तळून नाही. राजगिऱ्यात प्रथिनं चांगली असतात. संध्याकाळी उकडलेलं छोटं रताळं किंवा दूध. दिवसभर ताक चालेल.

गोळीचं मात्र स्वतः ठरवू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायकरीत्या उतरते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. तसं झालं तर उपास असो-नसो, लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. श्रावण सुरू व्हायच्या आधी उपासाचे वार डॉक्टरांना दाखवून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्या.

प्रश्न : चार महिन्यांत ७८ वरून ७१ वर आले. आता दीड महिना काटा ७०.५ आणि ७२ यांच्यात हेलकावे खातोय. रोज सकाळी बघते आणि मन खट्टू होतं. आणखी कमी खाऊ का? — एक वाचक, औंध

कमी खाऊ नका. सात किलो उतरवलेत, ते टिकून आहेत, ही मोठी गोष्ट आहे.

रोजचा दीड किलोचा हेलकावा चरबीचा नसतो. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही की शरीरात पाणी आणि वजन धरलं जातं. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो तो बराचसा त्यामुळे. रोज बघायचंच असेल तर सकाळी शौचानंतर, काही पिण्याआधी, त्याच फरशीवर काटा ठेवून बघा आणि सात दिवसांची सरासरी काढा. मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ती ताडून बघा. पाळीच्या आठवड्याची तुलना गेल्या महिन्याच्या पाळीच्या आठवड्याशीच करा.

सरासरीही दीड महिना हललेली नसेल तर दोन कारणं संभवतात. ७१ किलोंचं शरीर ७८ किलोंच्या शरीरापेक्षा कमी खर्च करतं, म्हणून सुरुवातीची तूट आता तूट उरलेली नाही. आणि मापं सैलावली असतील. पहिल्या महिन्यात चमच्याने मोजलेलं तेल चौथ्या महिन्यात पुन्हा अंदाजाने पडायला लागतं, फुलका हळूहळू मोठा होतो. एक आठवडा सगळं पुन्हा मोजा. मापं बरोबर निघाली तर खाणं तसंच ठेवून चालण्यात १५ मिनिटं आणि आठवड्यात ताकदीच्या व्यायामाचा एक दिवस वाढवा. दमणूक जाणवत असेल तर दोन आठवडे आहे त्या वजनावर नुसतं टिकून राहायचं ठरवा. त्यात काही बिघडत नाही.

आणि टेलरची टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरून माप घ्या. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. व्यायामाने स्नायू भरत असतील तर काटा थांबतो आणि कंबर उतरत राहते. दीड महिन्यात टेप दोन सेंटिमीटर खाली आलेली दिसली तर आहे तसंच चालू ठेवा, पुढचं माप महिन्याने घ्या.